एका बटणावरची दीपावली

‘दीपावली’ या शब्दात ‘आवली’, म्हणजे ओळ आहे. ओळीतला प्रत्येक दिवा स्वतंत्र असतो, तरी पाहणाऱ्यास शोभा दिसते ती सर्वांची मिळून. ही शोभा भिंतीवरच्या एका बटणात साठवून ठेवण्याची सोय आता शहरांतील घरांत होऊ लागली आहे. तिला ‘सीन’ म्हणतात. नाटकाची प्रकाशयोजना ज्यांनी पाहिली आहे त्यांस यात नवल वाटू नये. दिवाणखान्यातले दिवे तीस टक्के, देवघराचा साठ, गॅलरीतल्या माळा पूर्ण, असे प्रत्येकाचे तेज व रंग आधी ठरवावयाचे. मग बटण दाबताच सर्व दिवे आपापल्या नेमल्या तेजावर येतात.

आम्हां कीर्तनकारांस हा प्रकार चांगलाच परिचित आहे. पूर्वरंग संपवून उत्तररंगात शिरताना आम्ही मान किंचित हलवितो. तेवढ्याने तबलजी लय बदलतो, पेटीवाला स्वर धरतो, झांजा थांबतात. श्रोत्यांस तो चमत्कार वाटतो, पण खूण क्षणाची असली तरी तिच्यामागची तालीम वर्षांची असते. साथीदारास खूण कळली नाही, तर दोष बुवांनी आपल्याकडे घ्यावा, अशी आमची शिकवण आहे.

ही शिकवण घरात आठवावी लागली ती २०२४ च्या दिवाळीत. पुण्यास चिरंजीवांकडे लक्ष्मीपूजन होते. त्यांनी मोठ्या हौसेने सीनचे बटण दाबले आणि सारे घर उजळले. देवघराचा कोपरा तेवढा अंधारात राहिला. शोध घेता कळले की, दुपारी आमच्या सौभाग्यवतींनी तिथून उठताना भिंतीवरचे जुने बटण सवयीने बंद केले होते. असले बल्ब आज्ञा ऐकण्यासाठी सदैव विजेवर जागे असावे लागतात. मूळ प्रवाहच तुटला की ते बहिरे होतात. “आई, त्या बटणाला हात लावू नकोस, असे सांगितले होते ना!” चिरंजीव सहज बोलून गेले. पुढचे दोन दिवस सौ. कोणताही दिवा लावण्यापूर्वी कुणाला तरी विचारू लागल्या. भाऊबिजेच्या संध्याकाळी आम्ही बाहेरून परतलो, तेव्हा त्या अंधारात बसल्या होत्या.

चाळीस वर्षे तिन्हीसांजेला दिवा लावणाऱ्या हातांस दिव्याचे भय वाटावे, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. आमचे काही स्नेही यावरून असली यंत्रेच घरात नकोत, असा निष्कर्ष काढतात. तो आम्हांस मान्य नाही. देवळांत विजेचे दिवे आले तेव्हाही हेच म्हटले गेले असेल. दोष मांडणीत होता, आणि मांडणी सुधारता येते.

चिरंजीवांनी ती सुधारली. जुन्या बटणाच्या जागी असे बटण बसविले की, जे दाबल्याने प्रवाह तुटत नाही, दिव्यांना केवळ खूण जाते. एकदा दाबले की साधा दिवा, पूर्वीसारखाच लागतो आणि विझतो. दोनदा दाबले की पूजेचा सीन. दाबून धरले की सर्व दिवे विझतात, वाटेतला मात्र दहा टक्क्यांवर राहतो, रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. झिग्बी जातीच्या दिव्यांत सीन दिव्यातच साठविता येतो. त्यामुळे ऐन मुहूर्तावर इंटरनेट गेले तरी पूजा अडत नाही. वीज जाऊन आली की पुष्कळसे बल्ब पूर्ण तेजाने आपोआप पेटतात. मध्यरात्री सारे घर दचकून उठू नये म्हणून तेही आधीच ठरवून ठेवावे. जुन्या घरांत बटणांच्या बोर्डात न्यूट्रलची तार बहुधा नसते; खरेदीपूर्वी वायरमनकडून पाहून घेणे बरे.

एक सूचना मात्र आम्ही आग्रहाने केली. हौशी मंडळी पूजेच्या सीनमध्ये सगळेच दिवे पूर्ण तेजावर ठेवतात, तेही पांढरेफेक, ६५०० केल्व्हिनचे. निरांजनाच्या ज्योतीचा रंग सुमारे १९०० केल्व्हिनचा. त्या लखलखाटात ती ज्योत दिसतच नाही. देवघरचा दिवा आम्ही साठावरून पंधरा टक्क्यांवर आणविला, रंग २२०० वर. आता आरतीचे तबक ओवाळताना उजेड देवीच्या मुखावरून फिरताना दिसतो. धनत्रयोदशीचा यमदीप दाराबाहेर दक्षिणेकडे ज्योत करून हातानेच लावावयाचा. त्याच्या वाटेस यंत्राने जाऊ नये.

बटणाशेजारी सुनबाईंनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकविली होती : एकदा, दोनदा, दाबून. गुढीपाडव्यास गेलो तेव्हा सौ.नी ती काढून टाकली. भिंतीला शोभत नाही, म्हणाल्या.