हाड अडकले, असे समजू नका

मागे एक शेतकरी गृहस्थ दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, कुत्र्याच्या घशात हाड अडकलं वाटते. तोंड मिटत नाही, लाळ गळते, पाणी पण पीत नाही. हात घालून पाहिला, काहीच सापडलं नाही." मी कुत्र्याआधी त्यांचा हात पाहिला. बोटांवर दात लागून खरचटले होते. त्यांना तसेच सरकारी रुग्णालयात पाठवले. चौथ्या दिवशी कुत्रा मेला. लस वेळेवर सुरू झाल्याने गृहस्थ वाचले.

पिसाळलेला कुत्रा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धावून चावणारा कुत्रा येतो. पण रेबीजचा एक मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतो. आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लुळा पडून लोंबतो, मागचे पाय लटपटतात. तो चावत नाही, म्हणून आपण बेसावध राहतो. विषाणू मात्र त्या लाळेत असतोच. खरोखर हाड अडकले आहे की नाही, हे घरी ठरवू नये.

प्रत्येक आजार रेबीज नसतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप आहे, लघवी लालसर होते, तर गोचीडतापाची शंका घ्यावी. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोळ्यांना चिपडे, नाकातून शेंबूड, पुढे झटके, ही डिस्टेंपरची लक्षणे. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू आढळला होता. ताडोबाच्या कडेला राहणाऱ्यांनी हे विसरू नये. कोणत्याही आजारात माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कुत्रा हा घरचा राखणदार. मोहफुले वेचायला, तेंदूपानाला तो सोबत येतो. अंगणात बिबट आला की पहिला तोच भुंकतो. बैलाला लाळ-खुरकतीची लस आपण आठवणीने टोचून घेतो. राखणदाराला मात्र शिळा भात टाकला की आपले कर्तव्य संपते! हे मला पटत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी.

कुत्र्याचे वागणे अचानक बदलले, तर त्याला वेगळे कोंडावे, मुलांना दूर ठेवावे, तोंडात हात घालू नये व पशुवैद्याला बोलवावे. दात, नख लागले किंवा लाळ जखमेवर पडली, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. चुना, तिखट, झाडपाला लावू नये. लाळ डोळ्यात गेली असेल तर डोळे भरपूर पाण्याने धुवावेत. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दंडातील लस त्या दिवशी आणि पुढे ३, ७ व २८ दिवसांनी घेतात. रक्त आले असेल तर सिरमही लागते. भामरागड, एटापल्लीकडच्या आडगावांतून दवाखाना दूर पडतो, हे खरे. तरीही "उद्या पाहू" म्हणू नका. माणसात रेबीजची लक्षणे दिसू लागली, की मग हाती काही उरत नाही.