अडचण फक्त वेगाची नाही

संपादक महाशय,

फाइव्ह-जीमुळे जामठ्याच्या स्टेडियमवरचा क्रिकेट सामना व्हीआर हेडसेटमधून मैदानात बसल्यासारखा दिसेल, हे आपल्या लेखातील विधान टिकत नाही. एअरटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी दिलेल्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतेच, म्हणजे फाइव्ह-जी इथे नवे नाही. अडचण फक्त वेगाची नाही. व्हीआरमध्ये ‘फोर-के’ चित्राचे आडवे ३८४० बिंदू सभोवतालच्या ३६० अंशांत पसरतात, म्हणजे समोरच्या ९० अंशांत जेमतेम ९६० उरतात. त्यात चेंडू हरवणारच. नजरेपुरताच भाग स्पष्ट पाठवण्याचा उपाय आहे खरा, पण मान वळताच नवा भाग येईपर्यंत चित्र धूसर राहते. ‘एट-के’ने आडवे बिंदू दुप्पट होतील, पण एकूण बिंदू चौपट पाठवावे लागतील. म्हणून थेट सामन्यापेक्षा आधीच उतरवून घेतलेल्या ताडोबाच्या जंगलाच्या चित्रफितीला आज अधिक वाव आहे. लेखाने तो पर्याय विचारातच घेतला नाही.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर