अडकित्ता घासण्याआधी

जुन्या वस्तू चकचकीत करण्याचे व्हिडिओ बघण्यात आमच्या पिढीचे किती वीकएंड गेले असतील, देव जाणे! गंजका चाकू किंवा काळवंडलेला तंबाखूचा पाइप घ्यायचा आणि दहा मिनिटांत त्याचा आरसा करून दाखवायचा. ते बघून परदेशी जुने पाइप शोधायला लागलेले दोघं-तिघं माझ्याही ओळखीत आहेत. छंद वाईट नाही. पण माझं म्हणणं असं की सुरुवात घरातल्या अडकित्त्यापासून करावी. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, त्याचा आरसा करू नये.

अडकित्ताच का? कारण नवशिक्यासाठी याहून सोपी वस्तू सापडायची नाही. दोन पाती, दोन दांडे, मधे एक रिव्हेट. बस्स. लोखंड आणि पितळ, दोन्हींशी ओळख होते आणि दोन दुपारींत काम संपतं.

मी मूळचा नंदुरबारचा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव, गुजरात हाकेच्या अंतरावर. आमच्या जिल्ह्यातलं नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत! त्यामुळे आम्ही ज्याला अडकित्ता म्हणतो, त्याला शेजारचे गुजराथी काका 'सुडी' म्हणणार. नावं दोन, पण आज दोन्ही घरांत त्याची जागा एकच, माळ्यावरचा डबा. तिथून पुढचा मुक्काम भंगारवाल्याकडे. पितळेला किलोवर भाव, कारागिरीला शून्य.

ही कारागिरी काय होती हे बघायचं असेल तर पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारा. दिनकर केळकर (1896-1990) म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहाला त्याचं नाव दिलं आणि 1962 साली तो राज्य सरकारच्या हवाली केला. त्यांनी काय जमवलं? दिवे, भांडी, दौती, अडकित्ते... सामान्य घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू. म्हणजे जे आपण भंगारात घालतो तेच!

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, मिटलेला, उघडलेला. आपल्या धंद्याचा पहिला नियम, आधी बॅकअप, मग बदल. सांधा अडकला असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. जोर लावू नका. रिव्हेट सैल असेल तर सरळ लोहाराकडे जा. त्याचं ते पाच मिनिटांचं काम आहे, आपण हातोडी घेतली तर दांडा वाकणार. धार फक्त वरच्या पात्याला असते, खालचं पातं सुपारी धरायला, त्याला धार लावायची नाही. आणि धार दगडावर पाणी टाकून हातानेच लावा. मशीनच्या चाकावर पातं तापलं की त्याचं 'पाणी' उतरतं आणि पुढे धार टिकत नाही. पितळेला चिंच चालते, पण चोळून लगेच धुवायची. रात्रभर लावून ठेवली तर आंबट पितळेतलं जस्त खातं आणि तांबूस डाग उरतात.

आता माझा मुख्य मुद्दा. लोखंडावर दोन रंग दिसतील. लालसर, भुसभुशीत, बोटाला लागतो तो गंज, तो काढाच. तो लोखंड खातच राहतो. पण काळा, गुळगुळीत, घट्ट बसलेला जो थर असतो तो वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला आहे आणि तो आतल्या लोखंडाला सांभाळतो. पॉलिशपेपर घेऊन तोही उडवला की वस्तू नवी दिसते खरी, पण पावसाळ्यात पुन्हा गंजते, आणि या वेळी लवकर.

शिवाय झीज म्हणजे माहिती असते. आमच्या घरच्या अडकित्त्याचं पातं टोकाकडे जास्त झिजलंय, कारण आजी बारीक कातरलेली सुपारी करायची आणि ते काम टोकानेच व्हायचं. दांड्यावर अंगठ्याची जागा गुळगुळीत झालीय. हे सगळं 'दोष' म्हणून घासून काढलं तर हातात उरतं काय? बाजारात मिळणाऱ्या नव्या अडकित्त्याची नक्कल. जुन्या कोडमधला एखादा विचित्र 'इफ' निरर्थक म्हणून नवशिका उडवतो आणि तो कशासाठी होता हे प्रॉडक्शनमध्ये कळतं, त्यातलाच प्रकार. पाइपवाले जाणकारही नवशिक्यांना हेच बजावतात, लाकडावरचा कारखान्याचा छाप घासू नका. एकदा गेला की गेला.

राहिला सुपारीचा प्रश्न. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच, सोबत तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलंय. तेव्हा वस्तू जपायची म्हणजे सवयही जपायची असं अजिबात नाही. डिंकाच्या लाडवांसाठी खारीक फोडायला अडकित्त्यासारखं हत्यार नाही! फक्त खाण्यासाठी वापरणार असाल तर मशीनचं तेल नीट धुऊन काढा, आणि वापरून झाल्यावर कोरडा पुसून खाण्याच्याच तेलाचं बोट फिरवा. चांदीचं किंवा मीनाकारीचं काम असेल तर मात्र स्वतः हात लावू नका.

येत्या दिवाळीत माळा आवरताना डबा निघेलच. घासायला बसण्याआधी आईला किंवा आत्याला विचारा, हा कुणाचा, कुठून आणला, कोण वापरायचं? उत्तर एका चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात ठेवा. कॉमेंट नसलेला कोड वाचताना आपण किती शिव्या घालतो, ते आठवा. अडकित्ता आणखी पन्नास वर्षं सहज टिकेल. तो कुणाचा होता हे सांगणारं माणूस तेव्हा नसेल.