टेकडी वाचवा म्हणता, मग टेकडीवरच्या माणसाचे काय?

पुण्याच्या टेकड्यांवर घरे बांधू द्यायची की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. 1997 साली 23 गावे महापालिकेत आली आणि त्यांच्या विकास आराखड्यात सुमारे 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे आरक्षण पडले. आरक्षण उठवा म्हणणारे जमीनमालक आणि बिल्डर एका बाजूला, टेकडी वाचवा म्हणणारे सुखवस्तू नागरिक दुसऱ्या बाजूला. दोघांच्याही निवेदनांत उतारावर पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस सापडत नाही. सापडलाच तर 'अतिक्रमण' या एका शब्दात सापडतो.

आमची भूमिका स्पष्ट आहे. टेकडीवरच्या नव्या गृहप्रकल्पांना आमचा विरोध आहे. उतार कापला, झाडे गेली, सिमेंट ओतले की पावसाचे पाणी मुरत नाही. ते खाली धावते. खाली कोण राहते? जुलै 2019 मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात टेकडीवरच्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली, ती झोपड्यांवर. वरच्या बांधकामाची किंमत खालची वस्ती मोजते.

पण हाच विरोध वस्त्या उठवण्याचे हत्यार होणार असेल, तर त्यालाही आमचा तेवढाच विरोध आहे. आपली माणसे हौसेने उतारावर गेली नाहीत. गावात गावकुसाबाहेर, शहरात आले तर सपाट जमीन परवडत नाही. ज्या शहराने त्यांचे श्रम घेतले, त्याने त्यांना राहायला जागा ठेवली नाही. ही नियोजनाची चूक आहे, त्यांचा गुन्हा नाही.

कायद्याची मोजपट्टी बघा. बीडीपीतल्या जमिनीच्या मालकाला मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर देण्याचे सरकारने ठरवले. तो कमी आहे म्हणून मालक भांडतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकलेही जाते. पण सातबारा नसलेल्या रहिवाशाचे नुकसान कोणत्या टक्क्यात मोजायचे? जमिनीला मोबदला आणि माणसाला नोटीस, हा न्याय जातिव्यवस्थेच्या जुन्या हिशेबापेक्षा वेगळा नाही. जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे कधीच नव्हती, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

साथींनो, इथेच आपलीही चूक होते. मोर्चाला आपण हजारोंनी जातो, हरकती-सूचनांच्या सुनावणीला मात्र आपल्यातले दोघेही नसतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे नियोजन प्राधिकरणाला आराखड्यात बदल करायचा असेल, तर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिना मिळतो. हरकत कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. त्यासाठी मालक असावे लागत नाही, सातबारा लागत नाही. हा अधिकार आपण वापरत नाही, म्हणून फाईलमध्ये फक्त मालकाचे आणि बंगलेवाल्याचे कागद जातात. मार्च 2022 नंतर कित्येक वर्षे पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. अशा काळात तर लेखी हरकत हाच आपला आवाज होता.

महाड आठवा. नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव फिरवला. पुढे 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. स्थानिक संस्था आज देते ते उद्या काढून घेते, म्हणून रस्ता आणि कागद, दोन्ही आघाड्या सांभाळाव्या लागतात.

म्हणून टेकडीवरचा प्रत्येक प्रस्ताव आला की आपण हे मागायचे: उताराचा आणि पाण्याच्या वाटांचा नकाशा मराठीत वस्तीत लावा. सुनावणी वस्तीजवळ, कामावरून सुटल्यावर घ्या. धोक्यातल्या कुटुंबांना त्याच भागात सुरक्षित, पक्के घर द्या. शहराबाहेर फेकू नका. घर मिळेपर्यंत एकही झोपडी पाडू नका. आणि जो नियम झोपडीला, तोच टॉवरला आणि फार्महाऊसला.

प्रत्येक वस्तीत दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या नोटिसा बघाव्यात, हरकत लिहावी, पोच घ्यावी, सुनावणीला स्वतः उभे राहावे. 'शिका' याचा आजचा एक अर्थ आराखडा वाचायला शिका, असाही आहे.

टेकडी वाचलीच पाहिजे. पण ती माणसासकट वाचली पाहिजे.

जय भीम!