माकुणसारला घर बांधताय? मग ठेकेदाराला ॲडव्हान्स देण्याआधी हे विचारा

पालघर जिल्ह्यात सध्या जमिनीचा विषय निघाला नाही असा एक दिवस जात नाही. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २०० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरमध्ये येऊन भूमिपूजन केलं. त्यात बुलेट ट्रेनचं बोईसर स्टेशन, मुंबई-वडोदरा महामार्ग आणि विरार-डहाणू चौपदरीकरण आहेच. परिणाम असा की सफाळ्यापासून केळवे-माहीमपर्यंतच्या गावांत, म्हणजे माकुणसारसारख्या ठिकाणीही, जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायचं किंवा दोन गुंठे घेऊन बंगला काढायचा, अशा गप्पा घराघरात चालू आहेत.

याच जिल्ह्यातून दुसऱ्या प्रकारच्या बातम्याही आल्या. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पासाठी आणि डंपिंगसाठी आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या. लोकांनी पैसे मोजून घरं घेतली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसं गेली. तीही अनधिकृत होती.

यावर गावाकडच्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. "ते बिल्डरचे फ्लॅट. आपलं काय, जमीन आपली, घर आपलं, माणूस ओळखीचा."

नेमकी इथेच गफलत होते. फ्लॅट घेणाऱ्याच्या मागे निदान एक कायदा उभा आहे. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याच्या मागे तो नाही.

महारेरा तुमच्या कामाचं नाही

रेरा कायदा २०१६ चा, महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. हा कायदा विकण्यासाठी बांधणाऱ्याला लागू होतो. त्यातही ५०० चौरस मीटरपेक्षा लहान जागा किंवा आठपर्यंत घरं असतील तर नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही तुमच्या वाडीत ठेकेदाराला बोलावून घर बांधून घेता तेव्हा तो तुम्हाला घर विकत नसतो. गावात आपण त्याला 'बिल्डर' म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत तो प्रवर्तक नसतो, फक्त काम करून देणारा असतो.

रेरात फ्लॅटधारकाला दोन फार मोलाच्या गोष्टी मिळतात. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. तुम्हाला या दोन्ही गोष्टी आपोआप मिळणार नाहीत. त्या मागून, लिहून घ्याव्या लागतात. म्हणूनच ठेकेदाराला पहिला प्रश्न दराचा न विचारता हा विचारायचा: "करार लिहून देणार का, आणि त्यात गळती-तडे किती वर्षं तुमच्या अंगावर?" स्ट्रक्चरला पाच वर्षं आणि वॉटरप्रूफिंगला निदान काही पावसाळे, असं मागणं काही जगावेगळं नाही. जो "एवढा विश्वास नाही का" म्हणून हसण्यावारी नेतो, त्याच्याकडून उत्तर मिळालं असंच समजा.

सही कोणाची?

राज्य सरकारने २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत लहान भूखंडांसाठी परवानगी सोपी केली. पुढच्या वर्षी ग्रामीण भागासाठीही तसंच जाहीर झालं. साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला कागदपत्रं, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा. १६०० ते ३२०० पर्यंत ग्रामपंचायतीकडून बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. नगररचना कार्यालयाच्या खेपा वाचल्या, हे चांगलंच झालं.

पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. वरच्या ऑफिसमध्ये नकाशा तपासणारा माणूस यातून बाजूला झाला. आता सगळा भार त्या एका अभियंत्याच्या सहीवर आहे. आणि ही सही बऱ्याचदा ठेकेदारच 'आणून देतो'. मालकाने त्या अभियंत्याला पाहिलेलंही नसतं.

तेव्हा विचारा की पाया, कॉलम, बीम यांचं डिझाईन कोणी केलं, तो माणूस साईटवर कधी येणार, स्लॅब ओतण्याआधी सळई कोण तपासणार. शक्य असेल तर हा अभियंता तुम्ही नेमा आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. ज्याचं काम तपासायचं त्याच्याच खिशातून पगार घेणारा तपासनीस काय तपासणार?

हा केवळ कागदी मुद्दा नाही. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोकांना थंडीत तंबूत रात्री काढाव्या लागल्या. भूकंपरोधक बांधकामात रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवायचे असतात, म्हणजे धक्का बसला तरी रिंग उघडत नाही. साईटवर बहुतेक ठिकाणी ते ९० अंशांतच वाकवलेले दिसतात, कारण हात पटकन चालतो. हूक बघायला इंजिनिअर असावं लागत नाही. काँक्रीट पडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा.

खारं वारं आणि खाडीची रेती

आता माकुणसारच्या घराचा खरा शत्रू कोण, ते बघू. केळव्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर, आजूबाजूला खाडी आणि खाजणं. पंधरा-वीस वर्षांच्या घरांच्या गॅलरीखाली बघा. प्लॅस्टर फुगून पडलेलं, आतली सळई लाल होऊन बाहेर आलेली. लोक म्हणतात 'खाऱ्या हवेने घर खाल्लं'. हवा खाते हे खरं, पण पुष्कळदा मीठ आपणच आत कालवलेलं असतं.

कुठून? रेतीतून आणि पाण्यातून. वैतरणा खाडीतल्या बेकायदा रेती उपशाची आणि त्यामुळे रेल्वे पुलाला असलेल्या धोक्याची बातमी दर काही महिन्यांनी येतेच. ती रेती कुठेतरी वापरली जाते ना? खाडीची रेती नीट धुतली नाही तर त्यातले क्लोराईड सळईपर्यंत पोचतात आणि गंज आतून सुरू होतो. रेती कुठली, वाहतूक पास आहे का, की क्रशरची एम-सँड वापरणार, हे करारात लिहून घ्या. काही जुने गवंडी रेतीचा कण जिभेला लावून बघायचे. ती युक्ती अजूनही चालते, पण शंका आली तर लॅबमध्ये नमुना द्या. घराच्या खर्चापुढे तपासणीची फी काहीच नाही.

पाण्याचंही तसंच. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. उन्हाळ्यात बोअरला मचूळ पाणी लागतं अशा वाड्यांमध्ये ठेकेदार तेच पाणी मिक्सरमध्ये ओततो, कारण टँकरला पैसे पडतात. टँकर कोणाच्या खर्चाने, हे आधीच ठरवा. नाहीतर फेब्रुवारीत भांडण ठरलेलं.

याच मानकात एक तक्ता आहे. तो ठेकेदारासमोर उघडून ठेवावा असा आहे. किनाऱ्याच्या उघड्या वातावरणाला 'तीव्र' म्हटलंय आणि तिथे काँक्रीट किमान एम-३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या भागाला 'मध्यम' धरलं तर एम-२५ आणि ३० मिलिमीटर. तुमचं घर कशात बसतं हे डिझाईन करणाऱ्याने लेखी द्यायचं. गावात सर्रास चालतं ते एम-२० आणि 'अंदाजे' कव्हर. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवलेला दिसला तर काम थांबवा, मग कोणाला राग आला तरी चालेल.

आणि तरीही एम-३० सिमेंटच्या गोणीतून येत नाही. स्लॅबच्या दिवशी माणसं दमतात, मिश्रण घट्ट वाटतं, कोणीतरी पाइप सोडतो. त्या जास्तीच्या पाण्याने सगळं गणित बिघडतं. म्हणून विचारायचं: "क्यूब भरणार का?" १५० मिलिमीटरचे ठोकळे त्याच काँक्रीटमधून भरून २८ दिवसांनी दाबून बघतात. क्यूब भरायचे आहेत हे माहीत असलं की पाइप जरा कमी सुटतो, हा आणखी एक फायदा. क्युरिंग किती दिवस, पाणी मारायला माणूस कोणाचा, हेही विचारा. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि पीपीसीला १० दिवस लागतात. गावात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या पीपीसीच्याच असतात.

चौरस फूट म्हणजे नक्की काय मोजणार?

पैशाची सर्वात जास्त भांडणं दरावरून होत नाहीत. मापावरून होतात. समजा २५ बाय ३२ चं घर, ८०० चौरस फूट. दर हिशेबापुरता २ हजार धरू. तुमच्या डोक्यात १६ लाख. ठेकेदार मोजतो स्लॅबचं माप: ओटीवरचा छज्जा, बाहेर काढलेली गॅलरी, जिना. ते निघालं ९०० फूट. दोन लाख कुठून आले हे तुम्हाला शेवटच्या बिलात कळतं. जिना अर्धा धरणार की पूर्ण, पॅरापेट, पाण्याची टाकी, शोषखड्डा, कंपाउंड दरात आहे की नाही, जोता किती फूट उंच धरलाय, हे आधी कागदावर यायला हवं. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आत येणाऱ्या भागात जोत्याचा प्रश्न साधा नाही. दोन फूट भराव वाढला की दर बदलतो.

जीएसटी विसरू नका. स्वतःच्या एका स्वतंत्र घरासाठी फक्त मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. मटेरियलसह ठेका दिला तर १८ टक्के. २० लाखांच्या कामावर ते ३ लाख ६० हजार होतात. "दर जीएसटी धरून की वेगळा", एवढं एक वाक्य विचारायला लाजू नका. ठेकेदाराची नोंदणीच नसेल तर तो जीएसटी लावूही शकत नाही, म्हणून नंबर मागा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कोटेशन त्याआधीच्या भावाने केलेलं असेल तर ते पुन्हा मागवा.

हप्ते कामाच्या मागे चालले पाहिजेत, पुढे नाही. जोता झाला की एक, स्लॅब झाला की एक, असं. आपल्याकडे चित्र उलटं असतं. स्लॅबपर्यंत ऐंशी टक्के पैसे गेलेले असतात आणि मग ठेकेदाराला केळव्यात दुसरं काम मिळतं. प्लॅस्टर, फरशी, प्लंबिंग ही कटकटीची कामं उरतात आणि तुमच्या हातात त्याला बोलवायला काहीच उरत नाही. शेवटची पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची, हे करारात आधीच लिहा.

मजूर परांचीवरून पडला तर? हा प्रश्न कोणीच विचारत नाही. जव्हार-मोखाड्यातून किंवा बाहेरच्या राज्यांतून आलेली माणसं तुमच्या दारात उंचावर काम करतात. त्यांचा विमा ठेकेदाराने काढलाय का, त्याची प्रत दाखवा म्हणा.

आणि जमिनीचं?

हा प्रश्न ठेकेदाराचा नाही, पण प्लॉट विकणारा आणि बांधणारा एकच असेल तर त्यालाच विचारायचा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तसं सांगतं. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर 'कायमचा कब्जा' देणारे पालघरमध्ये कमी नाहीत. खाडीलगतच्या जागेला सीआरझेड लागू होतं का, रेल्वे-रस्त्याच्या भूसंपादनात गट नंबर येतो का, हे तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयात बघून घ्या. या दोन कार्यालयांत गेलेला एक दिवस नंतरची दहा वर्षं वाचवतो.

एवढं करूनही फसलो तर?

दार पूर्ण बंद नाही. रेरा नसला तरी ग्राहक संरक्षण कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही सेवा असल्याचं मान्य केलं आणि २०१९ च्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही. मुदत मात्र दोन वर्षांची. आयोगासमोर पहिला प्रश्न येतो तो कराराचा आणि पावत्यांचा. रोखीत दिलेले हप्ते आणि व्हॉट्सॲपवरचं 'ओके भाऊ' यावर केस उभी करणं जड जातं. पैसे बँकेतून द्या, रोख द्यावे लागले तर वहीत सही घ्या.

दिवाळीनंतर भातकापणी उरकली की आपल्या भागात पाये खणायला सुरुवात होते आणि मग चांगला ठेकेदार हाताला लागत नाही, म्हणून ही सगळी विचारपूस पावसाळ्यातच सुरू करावी. त्याने आधी बांधलेली, निदान पाच पावसाळे पाहिलेली दोन घरं दाखवायला सांगा आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये बघा. ठेकेदाराला सोबत नेऊ नका. घरातल्या बाईला विचारा, पाणी कुठून गळतं.