बॅटरी असू द्या, पण पायडलही असू द्या

दवाखान्यात हल्ली औषधांइतकीच आणखी एका गोष्टीची चौकशी होते. "डॉक्टरसाहेब, तुम्ही बॅटरीची गाडी चालवता म्हणे. कशी आहे? आम्हीही घ्यावी का?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे असतात. कुणाला नुकताच मधुमेह निघालेला असतो, कुणाचे गुडघे कुरकुरत असतात, कुणाचा रक्तदाब गोळीला दाद देत नसतो. पेट्रोल वाचावे आणि जमल्यास तब्येतही सुधारावी, अशी त्यांची साधी अपेक्षा असते. प्रत्येकाला तपासताना एवढे सगळे सांगणे होत नाही, म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. "बॅटरीची गाडी" या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे रीतसर नोंदणीची, नंबरप्लेटची स्कूटर. ती पेट्रोलच्या स्कूटरइतकीच पळते आणि तिला परवाना, विमा, हेल्मेट सगळे लागते. दुसरी मंद वेगाची स्कूटर. तिच्या मोटारीची ताकद 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असेल, तर तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. तिसरी बॅटरीची सायकल. ती दिसायला आणि चालवायला सायकलच असते, फक्त पायडल मारले की एक छोटी मोटार पायाला मदत करते. ही कल्पना नवीन नाही. 1993 साली यामाहा कंपनीने जपानमध्ये अशी सायकल बाजारात आणली होती. आपल्याकडे ती बरीच उशिरा आली.

मी गेली तीन वर्षे ही तिसरी वस्तू वापरतो. राजूर घाट चढून आलेल्या माणसाला बुलडाणा उंचावर वसले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. गावातही सरळ सपाट रस्ता शोधावाच लागतो. माझे घर ते दवाखाना हे अंतर तीन किलोमीटरच्या आतले, पण मध्ये दोन चढ आहेत. साध्या सायकलवर पंचावन्नाव्या वर्षी त्या चढांवर उतरून चालावे लागत होते. बॅटरीच्या सायकलवर चढ लागला की मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलल्यासारखे वाटते. पाय मात्र फिरवावेच लागतात. वर पोहोचेपर्यंत श्वास वाढतो, कपाळावर घाम येतो. सोबतच्या माणसाशी बोलता येते, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपतच दम लागतो. आम्ही डॉक्टर ज्याला मध्यम स्वरूपाचा व्यायाम म्हणतो, त्याची घरगुती खूण हीच.

या सायकलीचे दोषही सांगतो, कारण विकणारा ते सांगत नाही. मला एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर जाईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात आपल्या चढउतारांवर तीस-पस्तीस जाते. सायकल बावीस किलोची आहे. बॅटरी येळगावला संपली तर चढावर ते बावीस किलो आपल्यालाच ओढायचे. एकदा ब्रेकचा एक सुटा भाग मिळायला महिना लागला. तेव्हा घेताना गावात दुरुस्ती करणारा कोण आहे, हे आधी विचारावे. खर्चाचे म्हणाल, तर बॅटरी पूर्ण भरायला साधारण पाव ते अर्धा युनिट वीज लागते. दिवसातून कितीही वेळा वीज जाणाऱ्या गावातही तेवढी मिळून जाते.

आता मुद्द्याचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 2022 मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. 2000 साली हे प्रमाण सुमारे बावीस टक्के होते. बावीस वर्षांत दुपटीहून अधिक! या काळात आपल्या आहारात तेल-साखर वाढली हे खरेच, पण पायही थांबले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. दवाखान्यात हे सांगितले की उत्तर ठरलेले असते: "साहेब, वेळच मिळत नाही."

माझा अनुभव असा, की वेळ वेगळा काढायचा म्हटले तर तो मिळतच नाही. कामावर जाण्यायेण्यातच व्यायाम बसला पाहिजे. पूर्वी तो तसाच बसलेला होता. मास्तर शाळेत सायकलने जात, पोस्टमन सायकलवर, दूधवाला सायकलवर. कुणीही "व्यायाम" करत नव्हते आणि तरीही सगळ्यांचा होत होता.

लूना आठवते ना? 1972 साली कायनेटिकने ती आणली, तेव्हा तिला चक्क पायडल होते. फेब्रुवारी 2024 मध्ये तीच लूना बॅटरीवर परत आली. 'चेतक' स्कूटरही जानेवारी 2020 मध्ये विजेवर परत आली. नावे परत आली, लूनाचे पायडल मात्र परत आले नाही. माझी तक्रार या गाड्यांबद्दल नाही. चांगल्या गाड्या आहेत. दम्याच्या रोग्याला भरबाजारात नाकाशी येणारा पेट्रोलचा धूर कमी झाला तर मला आनंदच आहे. आपल्या विजेचा बराचसा भाग शेजारच्या पारससारख्या कोळशाच्या केंद्रांतून येतो, म्हणजे धूर पूर्ण संपत नाही, काही अंशी जागा बदलतो. तरीही आठवडी बाजाराच्या गर्दीत तो नाकाशी नसणे हा फायदाच आहे. आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना, किक मारणे न जमणाऱ्या भगिनींना या स्कूटरने फिरण्याची मोकळीक दिली, तीही मोलाची आहे. कुणी तिला नावे ठेवू नयेत.

परंतु ज्याला मी चालायला सांगितले आहे, त्याने "तब्येतीसाठी" म्हणून बॅटरीची स्कूटर घेऊ नये. पेट्रोलच्या गाडीवर माणूस निदान पैशाच्या भीतीने तरी चौकातल्या किराणा दुकानापर्यंत पायी जायचा. आता फेरी जवळजवळ फुकट पडते, म्हणून तेवढेही चालणे सुटते. गोळ्या वाढवून मागणाऱ्या काही रोग्यांच्या दिनचर्येत मला नेमके हेच दिसते. खिशाचा फायदा आणि शरीराचा फायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कूटरवर पहिला मिळतो. दोन्ही हवे असतील तर पायडल लागते.

काही बॅटरीच्या सायकलींना स्कूटरसारखी मूठही असते. ती पिरगाळली की पाय न हलवता सायकल पळते. तिची सवय लावून घेऊ नका. नाहीतर ती सायकल उरत नाही.

गुडघेदुखीवाले विचारतात, सायकल चालते का? बहुतेकांना चालते, कारण शरीराचे वजन सीटवर असते, गुडघ्यावर नसते. अट एकच, सीट खाली ठेवू नये. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी उंची ठेवावी. मात्र नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, चालताना छातीत दुखणाऱ्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. हातपाय थरथरले, घाम फुटला, की उतरून आधी तो तोंडात टाकावा. मार्च ते जूनमध्ये सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी ऊन उतरल्यावरच निघावे. घाटाखालच्या खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या वाचकांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

आता दोन कडक गोष्टी.

पहिली मुलांविषयी. मंद वेगाच्या स्कूटरला परवाना लागत नाही, एवढे ऐकून सातवी-आठवीच्या मुलांच्या हातात ती दिली जाते. शिकवणीला जाताना एकावर तिघे बसतात. काही ठिकाणी वेगाचे बंधन काढून घेतले जाते. असे केले की ती कायद्याने साधी मोटारगाडी ठरते, आणि मग परवाना नाही, नोंदणी नाही, विमा नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट कायद्याने लागत नसले म्हणून डोके काही कमी फुटत नाही. शिवाय ही गाडी आवाज करत नाही. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती अंगावर येईपर्यंत कळत नाही. मुलाला फिरण्याची हौस असेल, तर त्याला साधी सायकल द्या. त्या वयाला मोटारीच्या मदतीची गरज नाही.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. 2022 च्या सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले, पण जुन्या आणि स्वस्तातल्या बॅटऱ्या अजून घराघरांत आहेत. आपल्याकडे एकच दार असलेली घरे पुष्कळ. नेमके त्या दारातच रात्री गाडी लावून चार्ज करतात. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते, आणि बॅटरीच्या धुराने जीव गुदमरायला फार वेळ लागत नाही. म्हणून चार्जिंग दिवसा, जागेपणी, शक्यतो ओसरीत किंवा मोकळ्या जागी करावे. उन्हातून आल्या आल्या लावू नये, बॅटरी थंड होऊ द्यावी. चार्जर कंपनीचाच वापरावा. फुगलेली, पडलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा लावू नये. कुणी भाजलेच, तर त्या भागावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे आणि लगेच दवाखाना गाठावा. टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि आम्हाला ती नीट पाहताही येत नाही.

शेवटी एक अडचण उरते, आणि ती शरीराची नाही. सायकलवर बसायची लाज. मी सुरुवातीला निघालो तेव्हा रस्त्यात ओळखीचे लोक थांबवून विचारत, "काहून डाक्टरसाहेब, पेट्रोल संपलं का?" एका रोग्याच्या मुलाने वडिलांना सायकल घेऊ दिली नाही. म्हणाला, "लोक काय म्हणतीन?" तेच वडील आज दोन प्रकारच्या गोळ्या घेतात, आणि त्याच मुलाने स्वतःच्या पोटासाठी घरात चालण्याचे यंत्र आणून ठेवले आहे. ते लाखाच्या घरातले यंत्र त्याला शोभते, तीस-पस्तीस हजारांची सायकल वडिलांना शोभत नाही! एके काळी सायकल ही नाइलाजाची गोष्ट होती, म्हणून पैसा आल्यावर आपण ती टाकली. ते समजण्यासारखे आहे. पण आता ज्याच्या घरी गाडी आहे, त्याने ठरवून सायकल काढली तर त्याला गरीब कोण म्हणणार? गावातल्या चार प्रतिष्ठित माणसांनी, म्हणजे मास्तरांनी, वकिलांनी, सरपंचांनी, आम्हा डॉक्टरांनी, रोज सायकलवर दिसायचे ठरवले, तर पाचव्याची लाज आपोआप जाईल. औषधाच्या चिठ्ठीने हे होत नाही.

पैसे नसतील तर घरात पडून असलेली साधी सायकल पुसून, हवा भरून बाहेर काढा. चढावर खाली उतरून चालावे लागले, तरी तो व्यायामच आहे.