आवाज आपला, मालकी कुणाची?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. शतकानंतर चित्र किती पालटले? ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत वृत्तमाध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर सवर्ण आढळले. या पदांवर अनुसूचित जाती-जमातींचा एकही पत्रकार नव्हता. म्हणूनच यूट्यूबवरील ‘दलित कॅमेरा’ किंवा २०२१ साली मीना कोतवाल यांनी सुरू केलेले ‘द मूकनायक’ यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु मोबाईल हाती आला म्हणजे माध्यम हाती आले, हा भ्रम आहे. यूट्यूबवरील वाहिनी कंपनीच्या मर्जीवर चालते. कोणता कार्यक्रम कोणापुढे जावा, हे कंपनीचे गणित ठरवते. ज्याच्या प्राणवायूची कळ दुसऱ्याच्या हाती, त्याला आम्ही डॉक्टर मंडळी ठणठणीत म्हणत नाही. पॉडकास्टची फीड मात्र स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवता येते. श्रोता कोणत्याही अ‍ॅपवरून थेट आपल्याकडे येतो. मालकीचे हे महत्त्व बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला.

आम्ही परदेशस्थ बांधव जयंतीच्या भोजनावर सढळ हाताने खर्च करतो. स्वतंत्र ध्वनिमुद्रणासाठी वर्गणी मागितली की हात आखडतो. ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले, ते विचार संपले म्हणून नव्हे, पैसा संपला म्हणून. तो इतिहास पुन्हा घडला, तर या वेळी दोष आमच्या खिशाचा असेल.

जय भीम!